चिंधीचें वस्त्र आणि एका शब्दाची अपकीर्ति

मनुष्यांस जशीं कुळें असतात तशीं तीं शब्दांसही असतात. आणि मनुष्यांप्रमाणेंच कांहीं शब्दांच्या वांट्यास कीर्ति येते, तर कांहींच्या कपाळीं जन्माची अपकीर्ति बसते. इंग्रजी भाषेंतील 'शॉडी' हा शब्द ह्या दुसऱ्या वर्गांतला आहे. आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत तो अपरिचित नाहीं. नव्या पुलाला पहिल्याच पावसांत भेगा पडल्या कीं तें काम 'शॉडी' ठरतें. घाईनें व बेपर्वाईनें लिहिलेला ग्रंथ 'शॉडी' ठरतो. इतकेंच काय, एखाद्यानें दुसऱ्याशीं केलेलें हलकें वर्तनही ह्याच शब्दानें दाखवितात. दिसावयास बरें पण टिकावयास खोटें, असा त्याचा आजचा सरासरी अर्थ आहे. परंतु हा शब्द मूळचा विशेषण नव्हे. तें एका मालाचें नांव होतें, आणि तो माल म्हणजे चिंध्यांपासून पुनः काढलेली लोंकर. मालाच्या नांवाची शिवी कशी झाली, आणि ती शिवी न्यायाची होती कीं अन्यायाची, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

इंग्रजी भाषेंत लोंकरीच्या धंद्यांतून आलेले शब्द पुष्कळ आहेत, व त्याचें कारण उघड आहे. मध्ययुगांत इंग्लंडचें वैभव वाढलें तें मुख्यतः मेंढीच्या पाठीवर. लॉर्डांच्या सभेंत अध्यक्ष ज्या तांबड्या आसनावर बसतो तें 'वूलसॅक', म्हणजे लोंकर भरलेली बैठक, हें त्या वैभवाचेंच स्मारक होय. १६६६ पासून पुढें केलेल्या कायद्यांनीं तर प्रेतही लोंकरीच्याच कफनांत पुरावें अशी सक्ति केली होती. हे कायदे १८१४ मध्यें रद्द झाले. 'स्पिन्स्टर' म्हणजे मुळांत सूत कातणारी बाई. पुढें तिचा अर्थ अविवाहित स्त्री असा झाला, आणि इंग्लंडांतील विवाहनोंदणीच्या कागदांत तो शब्द २००५ पर्यंत टिकून होता. कुटून ओलें झालेलें लोंकरी कापड वाळतांना आटूं नये म्हणून तें लांकडी चौकटीवर ताणून ज्या आंकड्यांना अडकवीत, ते 'टेंटरहुक्स'. आज कोणाचा जीव टांगणीस लागला म्हणजे तो त्याच आंकड्यांवर आहे असें इंग्रज म्हणतो. हे सर्व शब्द कारखान्यांतून घरांत शिरले; पण त्यांपैकीं कोणाचीही 'शॉडी'एवढी दुर्दशा झाली नाहीं.

ह्या शब्दाचें जन्मस्थान यॉर्कशायर परगण्याच्या पश्चिम भागांतील बॅटली हें लहानसें गांव होय. १८१३ मध्यें तेथील बेंजामिन लॉ ह्या कापडवाल्यानें लोंकरी चिंध्या फाडून त्यांचे तंतु मोकळे केले, त्यांत थोडी नवी लोंकर मिसळली, आणि त्या मिश्रणाचें सूत काढून कापड विणलें. काळ नेपोलियनशीं चाललेल्या युद्धांचा होता. एकीकडे सैन्याच्या पोशाखांकरितां लोंकरीची मागणी वाढलेली, दुसरीकडे परदेशांतून येणाऱ्या लोंकरीस अडथळा. अशा अडचणींत जुनें मोडून नवें करण्याची बुद्धि एखाद्यास सुचावी ह्यांत नवल नाहीं. नवल हें कीं, ही युक्ति युद्धाबरोबर संपली नाहीं. बॅटली व शेजारचें ड्यूझबरी हीं गांवें पाहतां पाहतां ह्या धंद्याचीं राजधान्या झालीं, आणि तो सर्व भाग जाड लोंकरी कापडाचा मुलूख म्हणून प्रसिद्ध झाला. युरोपभरच्या जुन्या कपड्यांचे गठ्ठे तेथें येऊं लागले. ड्यूझबरीस तर चिंध्यांचे लिलांव होत असत.

ही कृति कशी होती हें थोडें पाहिल्यावांचून पुढील वाद समजावयाचा नाहीं. प्रथम चिंध्यांची निवड करावयाची. जात पाहून आणि रंग पाहून ढीग वेगळे करावयाचे, गुंड्या तोडावयाच्या, शिवणी उसवावयाच्या. कारण शिवण सुताची असते आणि सूत लोंकरींत मिसळलें म्हणजे माल बिघडतो. मग तेल शिंपडून त्या चिंध्या लोखंडी दांत बसविलेल्या एका फिरत्या पिंपांत घालावयाच्या. ह्या यंत्रास कामगारांनीं 'डेव्हिल', म्हणजे सैतान, असें नांव दिलें होतें. सैतानाच्या दाढेंतून चिंधी बाहेर पडे ती कापसासारखी मोकळी होऊन. परंतु तिचे तंतु तुटून आंखूड झालेले असत. सगळें मर्म ह्या आंखूडपणांत आहे. लांब तंतु एकमेकांस घट्ट धरतात, म्हणून नव्या लोंकरीचें कापड वर्षानुवर्षें टिकतें. आंखूड तंतु लवकर सुटतात, म्हणून शॉडींत नवी लोंकर किती घातली ह्यावर कापडाचें आयुष्य अवलंबून असे. पण विणल्यावर तें कापड कुटून दाट करीत, त्यावर लव उठवीत, मग दाबून गुळगुळीत करीत. ह्या संस्कारांनंतर नवें कोणतें व जुनें कोणतें हें सामान्य गिऱ्हाइकाच्या डोळ्यांस कळणें अशक्य होई.

विणकरीच्या मऊ वस्त्रांपासून, म्हणजे मोजे व गुंफलेले अंगरखे ह्यांपासून, जी लोंकर निघे ती 'शॉडी'. कुटून घट्ट केलेल्या बनातीच्या चिंध्यांपासून लोंकर काढण्याची युक्ति पुढें १८३० नंतरच्या दशकांत साधली. त्या मालास 'मंगो' म्हणत. त्या नांवाविषयीं अशी आख्यायिका सांगतात कीं, हा माल चालणार नाहीं असें कोणी म्हणतांच मालकानें यॉर्कशायरी बोलींत 'मन् गो', म्हणजे चाललाच पाहिजे, असें उत्तर दिलें. अशा आख्यायिका बहुधा मागाहून रचलेल्या असतात. तथापि त्यांत धंद्याचा स्वभाव मात्र बरोबर उमटला आहे. 'शॉडी'च्या व्युत्पत्तीविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. गळणें, झडणें ह्या अर्थाच्या 'शेड' धातूशीं तिचा संबंध जोडतात. कांततांना जो गाळ खालीं पडतो तो शॉडी, असा त्याचा आशय. धातु खरा असो वा नसो, नांवांतच टाकाऊपणाचा वास होता असें मानावयास जागा आहे.

परंतु टाकाऊ वस्तूपासून केलेला माल आणि वाईट माल हे दोन निरनिराळे पदार्थ आहेत. त्या दोहोंची गल्लत कशी झाली? प्रथम यंत्राच्या नांवावरून ह्या कापडास 'सैतानाची धूळ' म्हणूं लागले, आणि लवकरच हा शब्द राजकारणांत शिरला. ४ मार्च १८४२ रोजीं फेरंड नांवाच्या सभासदानें पार्लमेंटांत अशा कापडाचा विषय काढला, आणि सर्वांच्या देखत त्याचा तुकडा फाडून त्याच्या चिंधड्या करून दाखविल्या. १८४५ मध्यें एंगल्सनें इंग्लंडांतील कामगारवर्गाच्या स्थितीवर आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. गरीब मजूर रविवारकरितां एखादा लोंकरी कोट घेतो तो ह्याच सैतानी धुळीचा असतो आणि पंधरवड्यांत विरतो, अशी त्याची तक्रार आहे. त्याच वर्षीं डिझ्रायलीची 'सिबिल' ही कादंबरी निघाली. तींत कापसाची रद्दी फाडण्याच्या कोठडींत वाढलेल्या एका निराधार पोराचें नांवच 'डेव्हिल्सडस्ट' आहे. एक सनातनी पक्षाचा कादंबरीकार व एक क्रांतिवादी, दोघांसही त्या काळच्या इंग्लंडचें चित्र काढण्यास ही एकच धूळ हातीं लागावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तरीही 'शॉडी' हा शब्द अजून कारखान्याचाच होता. त्यास जगाच्या तोंडीं घातलें तें अमेरिकेंतील यादवी युद्धानें. १८६१ च्या एप्रिलांत युद्ध सुरू झालें आणि अध्यक्ष लिंकन ह्यांनीं ७५,००० स्वयंसेवकांस पाचारण केलें. इतक्या शिपायांस पुरेल एवढें कापड उत्तरेकडील राज्यांत तयार नव्हतें. ठेकेदारांस ही पर्वणीच वाटली. घाईघाईनें शिवलेले गणवेश फौजेंत गेले. त्यांपैकीं पुष्कळ निकृष्ट शॉडीचे होते, आणि पहिल्या पावसांत, पहिल्या कुचांत, शिपायाच्या अंगावर त्यांच्या चिंध्या होऊं लागल्या. प्रतिनिधिसभेनें सरकारी ठेक्यांच्या चौकशीकरितां समिति नेमली, व व्हॅन वाइक ह्यांच्या अध्यक्षतेखालीं तिनें अनेक अव्यवहार उघडकीस आणले. ह्या ठेक्यांवर जे एकाएकीं श्रीमंत झाले त्या नवकोटनारायणांस लोक 'शॉडीचे सरदार' म्हणूं लागले. १८६३ मध्यें हेन्री मॉर्फर्ड ह्यानें एका कादंबरीस 'शॉडीचे दिवस' असेंच नांव दिलें. त्याच वर्षीं २ मार्च रोजीं सरकारास खोटे हिशेब देऊन लुबाडणाऱ्यांविरुद्ध कायदा मंजूर झाला. खाजगी नागरिकासही सरकारच्या वतीनें फिर्याद करण्याची मुभा देणारा तो कायदा सुधारलेल्या स्वरूपांत आजही चालू आहे. येणेंप्रमाणें कापडाचें नांव माणसांस लागलें, माणसांवरून तें वर्तनास लागलें, आणि नाम होतें तें विशेषण झालें.

आतां प्रश्न असा कीं, ह्यांत अपराध कोणाचा? शॉडीच्या कैवाऱ्यांस विचाराल तर ते म्हणतील कीं, आमच्या मालांत पाप काय आहे? बॅटलीच्याच सॅम्युअल जब ह्यानें १८६० मध्यें ह्या धंद्याचा इतिहास लिहिला. तो धंदा असा होता कीं, ज्यांस नवी लोंकर विकत घेण्याची ऐपत नव्हती त्यांच्या अंगावर त्यानें ऊब घातली, आणि जें उकिरड्यावर जावयाचें त्यास किंमत आणली. हा युक्तिवाद खोटा नाहीं. धंद्यांत कांहींच वायां जात नसे हें तर खरोखर आश्चर्यकारक होतें. यंत्राखालीं सांचलेली लोंकरीची धूळ नत्रयुक्त असल्यामुळें उत्तम खत ठरली; केंट परगण्यांतील हॉपच्या मळ्यांस व यॉर्कशायरांतील रुबार्बच्या शेतांस ती घालीत. सैतानाची धूळ शेतांत पडल्यावर मात्र कोणीही तीस नांवें ठेविलीं नाहींत!

परंतु हा बचाव अर्धाच आहे. स्वस्त म्हणून सांगून स्वस्त माल विकणें हा व्यापार. स्वस्त माल नवा म्हणून विकणें ही चोरी. दोहोंत कापडाचा एक धागाही बदलत नाहीं. बदलते ती विकणाराची जीभ. आणि ह्या धंद्यानें फार दिवस आपली जीभ आंवरून धरिली. लव उठवून, दाबून, चकाकी आणून जुन्याचें नवें दिसावें ह्यासाठींच जेथें सर्व कौशल्य खर्चीं पडलें, तेथें गिऱ्हाइकास पारख करण्यास साधन कोणतें उरलें? श्रीमंतास फसगत झाल्यास दुसरा कोट घेतां येतो; मजुराची वर्षाची शिल्लक एका कोटांत जाते, आणि शिपायास तर रणांगणावर कोट बदलतां येत नाहीं. ज्या मालानें आपलें नांव स्वतःच्या तोंडानें कधीं सांगितलें नाहीं, त्याचें नांव लोकांनीं शिवी म्हणून घेतलें, तर त्याबद्दल लोकांस फारसा दोष देतां येत नाहीं.

ह्या वादांत तिसरा पक्ष बहुधा विसरला जातो, व तो म्हणजे चिंध्या निवडणाऱ्यांचा. हें काम मुख्यतः बायकांचें होतें. कोणाच्या अंगावरून, कोणत्या आजाऱ्याच्या बिछान्यावरून ती चिंधी आली हें त्यांस कळत नसे. धुळीमुळें येणाऱ्या तापास 'शॉडीचा ताप' असें नांवच पडलें होतें. आणि चिंध्या निवडणाऱ्या बाया देवीची सांथ पसरवितात व तिच्या पहिल्या बळीही त्याच होतात, असें मार्क्सनें १८६७ मध्यें आपल्या 'भांडवल' ग्रंथांत नमूद केलें आहे. म्हणजे शब्दाची बदनामी झाली ती विकत घेणाऱ्याच्या फसवणुकीमुळें. करणाऱ्याच्या फुप्फुसांची त्या बदनामींत कोठेंच नोंद नाहीं. शब्दांस स्मृति असते खरी, पण ती निवडक असते.

पुढें कायद्यानें ह्या मालास आपलें नांव उच्चारावयास लाविलें. अमेरिकेंतील लोंकरी मालाच्या चिठ्ठ्यांसंबंधींचा कायदा '१९३९ चा' म्हणून ओळखला जातो. त्यानें लोंकरीचे तीन वर्ग केले: पहिली नवी लोंकर, दुसरी विणली गेली पण वापरली न गेलेली, जी पुनः मोकळी केली, आणि तिसरी वापरलेल्या वस्त्रांतून काढलेली. कापडावर त्या त्या वर्गाचें नांव लिहिणें सक्तीचें झालें. १९८० मध्यें मागल्या दोन्ही वर्गांस मिळून एकच नांव दिलें, 'रीसायकल्ड', म्हणजे पुनश्चक्रित लोंकर. वाचकांनीं ह्या नामांतराकडे लक्ष द्यावें. जी वस्तु १८४२ मध्यें सैतानाची धूळ होती आणि १८६१ मध्यें देशद्रोह्याचा माल होती, तीच आज दुकानाच्या कांचेमागें सद्गुणाची खूण म्हणून मिरवते, व कित्येकदां तिच्याकरितां चार पैसे अधिकच पडतात. युरोपीय संघांतील राष्ट्रांनीं तर २०२५ च्या आरंभापासून जुनें कापड इतर केरापासून वेगळें गोळा केलें पाहिजे असा निर्बंध आहे. चिंधी तीच, फरक एवढाच कीं, आतां ती आपलें नांव सांगते.

येथवर ही कथा परक्या मुलखाची वाटेल. पण तिचें पुढचें प्रकरण ज्या गांवीं घडलें त्याचें नांव मराठी वाचकास सांगावयास नको. तें गांव पानिपत. १४ जानेवारी १७६१ च्या दिवसापासून आपल्या भाषेंत 'पानिपत होणें' ह्याचा अर्थ होत्याचें नव्हतें होणें असा झाला आहे. त्याच पानिपतांत फाळणीनंतर पश्चिम पंजाबांतून आलेले विणकर वसले, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत, इंग्लंडांतील हा धंदा मावळत असतां, तें गांव शॉडीचें जगांतील एक प्रमुख केंद्र बनलें. बॅटलीच्या शेवटल्या गिरण्यांतून गुजरातेंतून व पाकिस्तानांतून गेलेले मजूर राबत होते, आणि तिकडील टाकलेले कोट गठ्ठ्यांनीं इकडे कांडला बंदरांत उतरत होते! हे कपडे पुनः कपडे म्हणून विकले जाऊं नयेत म्हणून ते कापून विद्रूप केलेले असावेत असा आपल्याकडील आयातीचा नियम आहे. पानिपतांत बाया विळीसारख्या उभ्या पात्यावर ते आणखी फाडतात, रंगवारीनें ढीग लावतात. आणि रंगवारी नीट झाली म्हणजे पुनः रंग देण्याचीही गरज उरत नाहीं. ह्या सुताचीं ब्लँकेटें भूकंपांत, पुरांत, निर्वासितांच्या छावण्यांत जगभर वांटलीं गेलीं आहेत. अलीकडे पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांनीं त्यांची मागणी पुष्कळ घटविली असून बरेच कारखाने जुन्या सुती कपड्यांकडे वळले आहेत.

मेघना गुप्ता ह्यांचा 'अनरॅव्हल' नांवाचा एक लहान माहितीपट २०१२ मध्यें निघाला. हे जवळजवळ नवे कपडे पाश्चात्य लोक टाकतात तरी कां, असा प्रश्न तेथील बायांस पडतो, आणि त्या तर्क करितात कीं, त्या देशांत पाणी फार महाग असावें, धुण्यापेक्षां टाकणेंच परवडत असावें. ह्या तर्कास हंसण्यापूर्वीं आपण थोडें थांबावें. टाकण्याचें कांहीं तरी सबळ कारण असलेंच पाहिजे, असें ज्यांस वाटतें, त्यांची संस्कृति आपल्या ओळखीची आहे.

कारण आपल्या घरांतही वस्त्र एकदम मरत नसे. लुगडें विरलें कीं त्याचें बाळाचें दुपटें होई, मग गोधडीचा थर, मग पोतेरें. आणि जें उरे तें बोहारणीच्या पाटींत जाऊन त्याच्या बदल्यांत घरांत भांडें येई. मराठींत 'चिंधी' हा शब्द हलकाच आहे. परंतु त्याच चिंध्यांच्या 'गोधडी'ला मात्र मायेची ऊब आहे. गाडगे महाराजांनीं तर चिंध्यांचें गोधडें अंगावर बाळगून त्यास मान दिला. गोधडीस शॉडीप्रमाणें अपकीर्ति कां आली नाहीं? तीही जुन्याचीच केलेली. टिकण्याची हमी तिचीही नाहीं. आमच्या मतें ह्याचें उत्तर तिच्या टांक्यांत आहे. गोधडीचा प्रत्येक तुकडा वेगळा दिसतो, प्रत्येक टांका उघडा असतो. हें आजीचें लुगडें, हा बाबांचा सदरा, असें बोट ठेवून सांगतां येतें. तिनें कधीं नव्याचें सोंग घेतलें नाहीं, म्हणून तिला कोणीं खोटें म्हटलें नाहीं. शिवाय जी ती शिवी तीच बहुधा ती पांघरी; करणारी आणि वापरणारा ह्यांत ठेकेदार नव्हता.

तेव्हां 'शॉडी' ह्या शब्दास शिक्षा झाली ती योग्य, पण ती चुकीच्या नांवावर नोंदली गेली, असा आमचा निष्कर्ष आहे. दोष जुन्या लोंकरीचा नव्हता, लपवाछपवीचा होता. आणि लपवाछपवीस स्वतःचें असें मालाचें नांव नसल्यामुळें तिनें बिचाऱ्या लोंकरीचें नांव उसनें घेतलें. आज तोच माल नव्या व गोड नांवानें बाजारांत आला असतां जुनाच धोका उलट बाजूनें संभवतो. पूर्वीं जुन्यास नवें म्हणून विकीत. यापुढें नव्यास जुनें म्हणून, पुनश्चक्रित म्हणून, विकण्याचा मोह पडणार नाहीं असें कोणीं सांगावें? शिवाय नांव कितीही गोड केलें तरी तंतु आंखूड तो आंखूडच राहतो, आणि निवडणाऱ्या बाईच्या नाकांत धूळ जावयाची ती जातेच. चिठ्ठीवर लोंकर किती टक्के जुनी हें आतां लिहितात. ती कोणाच्या हातांनीं, कोणत्या हवेंत, किती मजुरीवर मोकळी झाली, हें ज्या दिवशीं लिहितील, त्या दिवशीं हा शब्द खरा निर्दोष सुटला असें म्हणतां येईल.